आधी ओळख, मग खुडणी: सह्याद्रीतल्या औषधी वनस्पती रानातून घरात आणताना

मृगाचा पाऊस पडून दहा-बारा दिवस झाले की कर्जतच्या बाजारात ठाकर आणि कातकरी बायका पाट्या घेऊन बसतात. टाकळ्याच्या जुड्या, शेवळं, शेवळांसोबत मूठभर काकडं (ही आंबट रानफळं), फोडशी, कुर्डू. गेली पंधरा वर्षं मी या बायकांकडून भाजी घेते, आणि त्यातल्या दोघींच्या मागे रानात फिरत थोडंफार शिकलेही आहे. त्या फिरण्यात जे कळलं आणि जे चुकून कळलं, ते इथे पायरीपायरीने लिहिते आहे.

करोनानंतर एक गोष्ट फार बदलली. पूर्वी शहरातून रानातला पाला आणायला कुणी जायचं नाही. आता शनिवार-रविवारी माणसं गाड्या घेऊन येतात, मोबाइलवरचा फोटो बघून वेल तोडतात आणि घरी काढा उकळतात. हौस चांगली आहे, मला ती मनापासून आवडते. पण रानाशी ओळख एका सुट्टीत होत नाही. कोणतीही वनस्पती पावसाळ्यात, हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात पाहिल्याशिवाय ती तोंडात घालायची नाही, हा माझ्या घरातला नियम आहे. तो पाळायला एक वर्ष लागतं. ते द्यावं.

पायरी १: चारच वनस्पती निवडा

पहिल्या वर्षासाठी माझी निवड अशी: टाकळा, अडुळसा, गुळवेल आणि आवळा. टाकळा ही भाजी आहे, विदर्भात तिलाच तरोटा म्हणतात. अडुळसा कोकणात आणि मावळात कुंपणालाच असतो. गुळवेल आंब्यापासून विजेच्या खांबापर्यंत कशावरही चढलेली दिसते. आवळा तर सगळ्यांनाच माहीत. या चौघांना ओळखणं सोपं आहे असं वाटतं. म्हणूनच सुरुवात इथून करायची, कारण किती बारीक पाहावं लागतं ते ओळखीच्या झाडावरच कळतं.

शेवळं, भारंगी, करांदे दुसऱ्या वर्षी. अळंबी मात्र या लेखात नाही आणि माझ्या पाटीतही नाही. वारुळावरची अळंबी वर्षानुवर्षं काढणारी माणसं आहेत, ती त्यांच्याकडूनच घ्यावी. तिथे एक चूक झाली तर ती दुरुस्त करायला वेळ मिळत नाही.

पायरी २: नावावर विसंबू नका

वनस्पतीचं बोलीतलं नाव हा पत्ता आहे, पण एका नावाची दोन घरं असतात. ब्राह्मीचंच बघा. महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी ब्राह्मी म्हणून मिळते ती जमिनीवर पसरणारी, मूत्रपिंडाच्या आकाराच्या पानांची वनस्पती, म्हणजे मंडूकपर्णी, सेंटेला एशियाटिका. आयुर्वेदाची पुस्तकं आणि कॅप्सूलच्या बाटल्या जिला बहुधा ब्राह्मी म्हणतात ती बकोपा मोनिएरी, ओलसर जागी वाढणारी, लहान मांसल पानांची. आपल्याकडे तिला नीरब्राह्मी म्हणतात. दोन्ही उपयोगी, दोन्ही वेगळ्या. शंखपुष्पी या नावाखालीही प्रांताप्रांतात वेगवेगळ्या वनस्पती विकल्या जातात.

नावाच्या घोळाने काय होऊ शकतं याचं सगळ्यात वाईट उदाहरण बेल्जियममधलं आहे. १९९० च्या सुमारास ब्रुसेल्समधल्या एका वजन घटवण्याच्या क्लिनिकमधून चिनी वनौषधींची औषधं दिली जात होती. त्यात फांगजी नावाची एक वनस्पती हवी होती. नावात साम्य असलेली दुसरीच, अ‍ॅरिस्टोलोकिया कुळातली, तिच्या जागी आली. शंभरावर माणसांची मूत्रपिंडं बिघडली, कित्येकांची कायमची निकामी झाली, आणि पुढे अनेकांना मूत्रमार्गाचे कर्करोग झाले. हे मी मुद्दाम सांगते, कारण त्याच कुळातली सापसंद आपल्या रानात आहे. तिला ईश्वरीही म्हणतात. साप चावल्यावर, ताप आल्यावर तिचं मूळ उगाळून देण्याची जुनी चाल आहे. ती चाल आता सोडायलाच हवी. सापसंदीतल्या आम्लाने मूत्रपिंडाला होणारी इजा हळूहळू वाढते, आणि दिसते तेव्हा उशीर झालेला असतो.

म्हणून वहीत बोलीतल्या नावाशेजारी शास्त्रीय नाव लिहा. मोबाइलचं ॲप इशारा देण्यापुरतं वापरा, निकालासाठी नाही. खात्री करायची असेल तर पानं, फूल, फळ असलेली फांदी वर्तमानपत्रात दाबून वाळवा आणि जाणकाराला दाखवा. जवळच्या महाविद्यालयातल्या वनस्पतिशास्त्राच्या शिक्षकांना असं कुणी विचारलं तर बहुतेकदा आनंदच होतो. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागाचं कार्यालय आणि आघारकर संशोधन संस्था आहे, मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजात ब्लॅटर हर्बेरियम आहे.

पायरी ३: पान हातात घेऊन पाहा

माझी चूक इथे सांगते. दुसऱ्या वर्षी मला वाटलं, टाकळा आता येतो. एका माळावरून पिशवी भरून खुडला आणि ज्यांच्यामागे मी रानात फिरते त्यातल्या एका मावशींना दाखवायला गेले. त्यांनी पिशवी सुपात पालथी केली, दोन बोटांनी भराभर निवडत गेल्या आणि सहा-सात कोंब बाजूला टाकले. "ताई, ह्यो टाकळा न्हाय, कासविंदा हाय. टोक बघा ना पानाचं."

तेव्हापासून मी टोक बघते. टाकळ्याच्या पानात पर्णिकांच्या, म्हणजे एका देठावरच्या छोट्या पानांच्या, बहुधा तीन जोड्या असतात. पर्णिका देठाकडे निमुळती आणि टोकाला रुंद, गोल, जणू अंगठ्याने दाबून चपटी केलेली. कासविंद्याच्या जोड्या चार-पाच, आणि प्रत्येक पर्णिका टोकाला अणकुचीदार. आता देठ उजेडात धरा. टाकळ्यात खालच्या जोडीच्या मधोमध एक बारीक उभट ग्रंथी दिसते. कासविंद्यात ती पर्णिकांपासून दूर, देठ खोडाला जिथे चिकटतो तिथे जवळ, फुगीर आणि गडद असते. शेंगा आल्या की प्रश्नच उरत नाही: टाकळ्याची शेंग बारीक, लांब, कोयत्यासारखी वाकलेली. कासविंद्याची चपटी आणि सरळसर. पण शेंगा येतात तेव्हा भाजी जून झालेली असते. म्हणूनच वर्षभर बघायचं, शेंगेवरून जागा लक्षात ठेवायची आणि पुढच्या जूनला तिथला कोंब खुडायचा.

कासविंद्याला घाबरण्याचं कारण आहे. पश्चिम उत्तर प्रदेशात लहान मुलं दर वर्षी पावसाळ्यानंतर एकाएकी बेशुद्ध होऊन दगावत. बरीच वर्षं तो मेंदूज्वर समजला गेला. २००० च्या दशकात डॉक्टरांनी मागोवा घेतला तेव्हा खेळता खेळता खाल्लेल्या कासविंद्याच्या बिया कारण म्हणून पुढे आल्या. यकृत, स्नायू आणि मेंदू एकाच वेळी बाधित होत होते.

ओळखताना पानाची मांडणी (समोरासमोर की एकाआड एक), पानाची कड, देठ, खोडाची साल, चीक, वास आणि फूल-फळ, एवढं तरी नोंदवा. यातली एक खूण जरी जुळली नाही तर ती वनस्पती तुमची नाही. चाखून ओळखणं बंद. रानात बोट चाटायचंही नाही.

पायरी ४: गुळवेल, जिच्यावर सगळ्यांचा डोळा आहे

गुळवेलीसाठी वेगळी पायरी करते, कारण सगळ्यात जास्त माणसं तिच्याचपाशी चुकतात.

टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया. पान हृदयाच्या आकाराचं, गुळगुळीत, लव नसलेलं. देठ पानाच्या खाचेत, कडेला जोडलेला. जुन्या खोडावर कागदासारखा पातळ पापुद्रा असतो, तो नखाने सोलला की आत हिरवंगार खोड दिसतं. खोडावर बारीक पुटकुळ्यांसारखे ठिपके असतात, पण हाताला गाठी लागत नाहीत. करंगळीएवढं खोड आडवं कापा: आत बैलगाडीच्या चाकासारख्या आऱ्या दिसतील. आणि फांदीवरून सुतासारखी लांब मुळं खाली लोंबत येतात, काही वेळा दोन माणसांच्या उंचीएवढी. उन्हाळ्यात पानं झडली तरी त्या लोंबत्या सुतांवरून मी वेल लांबून ओळखते.

आता तिच्यासारख्या दिसणाऱ्या. टिनोस्पोरा क्रिस्पा ही तिची बहीण, तिच्या खोडावर ठळक गाठी असतात आणि कापल्यावर दुधाळ स्राव येतो. आणखी एका जातीची पानं लवदार असतात. सह्याद्रीत पहाडवेल सगळीकडे आहे, तिचं पानही हृदयासारखं, पण देठ कडेला नसून पानाच्या पोटात, छत्रीच्या दांड्यासारखा जोडलेला असतो. वासनवेलीच्या पानांवर मऊ लव असते.

करोनाच्या काळात घरोघर गुळवेलीचा काढा सुरू होता. मुंबईतल्या डॉक्टरांनी सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या चार महिन्यांत यकृताला इजा झालेले सहा रुग्ण पाहिले, सगळे गुळवेल घेत होते. नंतर देशातल्या १३ केंद्रांतून असे ४३ रुग्ण नोंदवले गेले. आयुष मंत्रालयाने यावर आक्षेप घेतला: चुकीची जात, बहुधा क्रिस्पा, घेतली गेली असावी, खरी गुळवेल सुरक्षित आहे असं त्यांचं म्हणणं. डॉक्टरांनी काही नमुने तपासून ते कॉर्डिफोलियाचेच असल्याचं सांगितलं. या वादात माझं मत असं की दोन्ही बाजूंकडून एकच धडा घ्यावा. जात नक्की करा, आणि जात नक्की असली तरी महिनोन्महिने रोज पिऊ नका. संधिवात, सोरायसिस, थायरॉइडचा स्वप्रतिरक्षा आजार, असं काही असेल तर गुळवेल घेऊच नका. ती प्रतिकारशक्ती चाळवते, आणि या आजारांत प्रतिकारशक्तीच आपल्यावर उलटलेली असते. यकृताचा त्रास असणाऱ्यांनीही दूर राहावं. मधुमेहाची गोळी चालू असेल तर साखर आणखी उतरू शकते.

पायरी ५: ज्यांना हात लावायचा नाही त्यांची ओळख आधी

चार उपयोगी वनस्पती शिकण्याआधी सात घातक शिका. धोतरा, कण्हेर, गुंज, कळलावी, काजरा म्हणजे कुचला, मोगली एरंड आणि वर सांगितलेली सापसंद. या सगळ्यांना जुन्या औषधांत कुठे ना कुठे जागा होती, आणि त्यामुळेच "हे पण औषधीच आहे" असं सांगणारा कुणीतरी भेटतो. जाणकार वैद्य यातली काही द्रव्यं शोधन करून, म्हणजे विषारीपणा काढून, वापरतात, घरच्या चुलीवर ते होत नाही.

कळलावी श्रावणात फुलते तेव्हा पिवळ्या-लाल ज्वाळेसारखी सुंदर दिसते. पण तिच्या कंदात कोल्चिसिन असतं आणि कंद खाऊन माणसं दगावली आहेत. फुलं नसताना पान बघा: पानाचं टोक लांबून वेलीच्या ताण्यासारखं गुंडाळतं. फोडशीचं पान गवतासारखं, जमिनीतून थेट उगवतं, त्याला ताणा नसतो. खाजकुयलीच्या शेंगांवरची सोनेरी कुसं वाऱ्यानेही अंगावर येतात. आली तर चोळू नका, चोळल्याने ती आत रुततात.

पायरी ६: जागा आणि कायदा

रस्त्याकडेचा पाला नको, रेल्वेमार्गाच्या कडेचा नको, नाल्याकाठचा नको. शेताच्या बांधावरचं आता सगळ्यात फसवं झालं आहे, कारण तणनाशक मारलेलं असतं. टाकळ्याची शेंडं पिवळी पडून मुरडलेली दिसली तर त्या बांधावरचं काहीच घ्यायचं नाही. मालकाला विचारल्याशिवाय तर अजिबातच नाही.

अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात वनस्पती तोडणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. भीमाशंकर, कळसूबाई-हरिश्चंद्रगड, राधानगरी, चांदोली इथे फक्त पाहायचं. राखीव वनातही परवानगीशिवाय तोडणी चालत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरचा (लाकूड सोडून रानातून मिळणाऱ्या वस्तूंवरचा) हक्क तिथे पिढ्यानपिढ्या राहणाऱ्यांना दिला आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने तो सामूहिक हक्क देशात सगळ्यांच्या आधी मिळवला. तो हक्क त्या गावांचा आहे, सहलीला आलेल्या आपला नाही. आणि देवराईतली काडीही उचलायची नाही. तिथे कायद्याच्याही आधीचा नियम चालतो, तो गावकऱ्यांनी पाळलाय म्हणूनच तिथली झाडं उभी आहेत.

मग शहरातल्या माणसाने शिकायचं कुठे? ऑगस्टमध्ये जागतिक आदिवासी दिनाच्या आसपास कृषी विभागातर्फे तालुक्यातालुक्यात रानभाजी महोत्सव भरतात. तिथे जा. भाजी विकत घ्या, प्रश्न विचारा. एखाद्या मावशी रानात न्यायला तयार झाल्या तर त्यांच्या दिवसाची मजुरी द्या. त्यांचं ज्ञान फुकट घेण्याची आपल्याला फार सवय झाली आहे.

पायात गमबूट, हातात काठी. पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात उतरू नका, लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसच्या तापाची, भीती असते. फुरसं हा विषारी साप पाचोळ्यात दिसत नाही, म्हणून आधी काठी आणि मग हात. सिंधुदुर्गात दोडामार्ग-सावंतवाडीकडे आणि गोव्यात सत्तरीत जानेवारी ते मे माकडतापाचे दिवस असतात. तो गोचिडीतून येतो, तेव्हा त्या दिवसांत तिकडच्या रानात पाचोळ्यावर बसू नका, आणि घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात टाका.

पायरी ७: खुडणी

पान खुडा, शेंडा खुडा, फळ वेचा. मूळ उपटू नका, साल सोलू नका. सालीची एक पूर्ण कडी निघाली की झाड मेलंच. दहा रोपं दिसली तर एकाचं घ्या, आणि जिथे तीनच आहेत तिथे बघून परत या.

सह्याद्रीतलं नरक्याचं झाड लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्याच्यातून कॅम्प्टोथेसिन मिळतं, त्यापासून कर्करोगाची औषधं बनतात. हे कळल्यावर पश्चिम घाटात त्याची चोरटी तोड सुरू झाली, मुळासकट उपटून पोती भरली गेली. शतावरी, सफेद मुसळी, सर्पगंधा यांचंही मूळच विकलं जातं, म्हणून जंगलातलं घेऊ नका. मुसळीच्या शास्त्रीय नावात तर आपल्या बोरिवलीचं नाव आहे. ती आता शेतात होते, शेतातलीच घ्या. याउलट जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात महादेव कोळी बाळहिरडा गोळा करतात, पिकण्याआधीचं लहान फळ. झाड तसंच उभं राहतं, दर वर्षी उत्पन्न देतं.

गुळवेल तर तोडल्यावर परत लावता येते. वीतभर तुकडा कुंपणाशी खोचा, पावसाळ्यात तो धरतोच. मी ज्या वेलीवरून घेतलं तिचे चार तुकडे घरामागे लावले, आता रानात जावं लागत नाही.

पायरी ८: चुलीवर

टाकळा कोवळा असताना, तीन-चार बोटं उंच, तेव्हाच खुडायचा. निवडून, दोनदा धुऊन, बारीक चिरून कांदा-लसणावर परतायचा, आठळ्या किंवा भिजवलेली चणाडाळ घालायची. थोडा कडवट लागतो, गुळाचा खडा टाकला की बसतो. भारंगीची पानं मात्र उकडून पाणी फेकून द्यायचं, नाहीतर कडूपणाने घास जात नाही.

शेवळात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. नीट केलं नाही तर घसा अक्षरशः टोचतो, मला एकदा रात्रभर बोलता येत नव्हतं. वरची आवरणं काढा, आतल्या दांड्याचा पिवळा दाणेदार भाग काढून टाका, उरलेलं बारीक चिरून तेलात चांगलं परता आणि काकडं ठेचून काढलेल्या आंबट रसात शिजवा. काकडं नसतील तर चिंच, पण आंबट हवंच. बाजारात बायका शेवळांबरोबर काकडं का ठेवतात ते इथे कळतं.

पायरी ९: वाळवण आणि काढा

पानं सावलीत, फडक्यावर, एकेरी पसरून वाळवा. कोंदट, दमट हवेत बुरशी लगेच धरते, म्हणून पावसाळ्यात वाळवण करूच नका, दिवाळीनंतर करा. पान चुरगाळल्यावर कुरकुरलं पाहिजे. काचेच्या बरणीवर नाव, जागा आणि तारीख. वर्ष झालं की खतात टाका. आवळा फोडी करून, मीठ लावून उन्हात.

काढ्याचं जुनं प्रमाण एक भाग वनस्पतीला सोळा भाग पाणी, मंद आचेवर चौथाई उरेपर्यंत. स्टील किंवा मातीचं भांडं, अॅल्युमिनियम नको. आज केलेला आजच संपवायचा.

अडुळशाचं झुडूप ओळखायला सोपं: समोरासमोर लांबट पानं, चुरगाळल्यावर उग्र वास, पांढरी दोन ओठांची फुलं. शेळ्याही त्याला तोंड लावत नाहीत, म्हणून तर कुंपणाला लावतात. कफ पातळ करणारं ब्रोम्हेक्सिन हे औषध अडुळशातल्या व्हॅसिसिनवरूनच घडवलेलं आहे. साध्या खोकल्याला मोठ्या माणसासाठी दोन-तीन पानं कपभर पाण्यात उकळून, कोमट झाल्यावर मध घालून, दिवसातून एकदा, तीन-चार दिवस. गरोदर बाईला अडुळसा अजिबात द्यायचा नाही, तो गर्भाशयाचं आकुंचन वाढवतो. वर्षाच्या आतल्या बाळाला मध नाही, आणि लहान मुलांना कोणताही काढा डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, थुंकीत रक्त, संध्याकाळचा ताप किंवा वजन उतरणं यातलं काहीही असेल तर काढा बंद आणि थुंकीची तपासणी. काढ्यापायी क्षयाचं निदान लांबलेलं मी जवळून पाहिलं आहे.

पायरी १०: बाटलीतल्या गोळ्या आणि चूर्णं

ज्यांना रान गाठता येत नाही ते दुकानातून घेतात. तिथे वनस्पती दिसत नाही, म्हणून डबा वाचायचा. शास्त्रीय नाव, वनस्पतीचा कोणता भाग, एका गोळीत किती मिलिग्रॅम, बॅच क्रमांक, मुदत आणि परवाना. अन्न म्हणून विकलेल्या पूरकावर १४ अंकी एफएसएसएआय (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) क्रमांक असतो, आयुर्वेदिक औषधावर औषध उत्पादनाचा परवाना क्रमांक असतो. यातलं काहीच नसेल, चूर्ण नुसतं पिशवीत बांधून मिळत असेल, तर घेऊ नका. भस्म किंवा पारा-गंधकाची औषधं तर वैद्याच्या चिठ्ठीशिवाय नाहीतच. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेत बॉस्टनच्या दुकानांतली ७० आयुर्वेदिक उत्पादनं तपासली होती, त्यातल्या १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं.

भाजीतली हळद वेगळी आणि कॅप्सूलमधली वेगळी. कॅप्सूलमध्ये हळदीचा अर्क मिऱ्यातल्या पाइपरिनसोबत देतात, त्यामुळे ती रक्तात कितीतरी जास्त उतरते. इटली आणि अमेरिकेत अशा कॅप्सूलनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. अश्वगंधा थायरॉइडची पातळी वाढवू शकते, आणि डेन्मार्कने २०२३ मध्ये तिच्यावर बंदी घातली. ज्येष्ठमध जास्त दिवस घेतला तर रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम उतरतं. कौंचबीजात, म्हणजे त्याच खाजकुयलीच्या बीत, लेव्होडोपा असतं. पार्किन्सनची गोळी चालू असलेल्या माणसाला ते दुप्पट डोससारखं पडतं.

एका वेळी एकच गोष्ट सुरू करा, सुरुवातीची तारीख वहीत लिहा. डॉक्टरांना सगळं सांगा. "घरगुती आहे" म्हणून न सांगण्याची आपली सवय घातक आहे, विशेषतः रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असेल तर. शस्त्रक्रिया ठरली की दोन आठवडे आधी सगळी पूरकं बंद करण्याबद्दल डॉक्टरांना विचारा.

पायरी ११: चुकलंच तर

डोळे पिवळे, लघवी गडद, अंगाला खाज, जेवणावरची वासना गेली, तर काढा त्याच दिवशी बंद करून यकृताची तपासणी करा. कावीळ उतरवणाऱ्याकडे जाण्यात दिवस घालवू नका.

कुणी विषारी काही खाल्लं असेल तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका, दूध-तूपही देऊ नका. तोंडातलं उरलेलं काढा, चूळ भरायला लावा, १०८ ला फोन करा. आणि निघताना एक काम आठवणीने करा: खाल्लेल्या वनस्पतीची फांदी, बी, शेंग, पातेल्यातला उरलेला चोथा, जे हाताला लागेल ते कागदी पिशवीत घालून सोबत न्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत पान तासाभरात काळं पडतं आणि मग ते कुणालाच ओळखता येत नाही.